मंडळाच्या कार्यकारिणीस खुले पत्र : आमंत्रण अक्षरांतच राहू द्या

मा. अध्यक्ष, सचिव आणि कार्यकारिणीचे सर्व सदस्य,
सप्रेम नमस्कार.

गेल्या बैठकीत दोन ठराव झाले. मंडळाची ई-मेलने जाणारी सगळी पत्रे यापुढे एकाच मोठ्या चित्राच्या रूपात पाठवावीत, हा पहिला. संकेतस्थळ आणि पत्रे ‘सर्व सभासदांना तंतोतंत एकसारखी दिसतील’ अशी व्यवस्था करावी, हा दुसरा. दोन्ही ठराव माझ्या कामाबद्दलचे आहेत आणि दोन्ही माझ्या एका चुकीमुळे आले. म्हणून आधी चूक कबूल करते, मग ठरावांशी भांडते.

पत्र खुले लिहिण्याचे कारण एवढेच, की बैठकीत मला पाच मिनिटे मिळाली आणि त्यातली दोन चहा फिरवण्यात गेली. शिवाय हा प्रश्न आपल्या एकट्याचा नाही. इंदूरची इतर मंडळे घ्या, ग्वाल्हेर-बडोद्याच्या नातेवाइकांकडून येणारी आमंत्रणे घ्या, सगळीकडे एकच पद्धत रूढ होते आहे. डीटीपीवाल्याकडून पत्रिका करून घ्यायची, तिचे जेपीजी काढायचे आणि ते सगळ्यांना धाडून मोकळे व्हायचे.

तर चूक. गणेशोत्सवाची कार्यक्रमपत्रिका मी तीन उभ्या रकान्यांत मांडली होती. पहिल्यात तारीख-वार, दुसऱ्यात वेळ, तिसऱ्यात कार्यक्रम. रकाने शेजारी-शेजारी राहावेत म्हणून फ्लेक्सबॉक्स ही मांडणीची नवी पद्धत वापरली. माझ्या लॅपटॉपवर सुरेख दिसले, फोनवरही दिसले, मी पाठवून दिले. रामबागेतल्या एका काकांकडे मात्र मुलाच्या ऑफिसातून उतरलेला संगणक आहे आणि त्यावर मेल वाचायचा प्रोग्रामही त्याच काळातला. त्याला फ्लेक्सबॉक्स ही चीज ठाऊक नाही. त्याने तिन्ही रकाने एकाखाली एक रचले. आधी दहा तारखा, त्याखाली अकरा वेळा, त्याखाली अकरा कार्यक्रम. तारखा दहा आणि कार्यक्रम अकरा, कारण सहाव्या दिवशी सकाळी अथर्वशीर्षाची आवर्तने होती आणि संध्याकाळी बालनाट्य. काका निवृत्त ऑडिटर. वही-पेन घेऊन बसले आणि जोड्या लावल्या. सहाव्या दिवसापर्यंत हिशेब बरोबर जुळला, तिथून पुढे सगळे एकेक घर सरकले. सातव्या दिवशी संध्याकाळी ते नातवाला घेऊन बालनाट्याला आले, तेव्हा सभागृहात आरोग्य शिबिर चालले होते. नातवाला नाटक मिळाले नाही, काकांचा रक्तदाब तेवढा मोजून झाला. तो त्या दिवशी वाढलेला निघाला, यात नवल नाही.

दोष त्या जुन्या प्रोग्रामचा नाही. मी दिवसभर विजय नगरातल्या एका ऑफिसात हेच काम करते, आणि मेलमध्ये रकान्यांची भिस्त फ्लेक्सबॉक्सवर ठेवू नये हे मला माहीत असायला हवे होते. माहीत होतेही. घाई होती.

पण या चुकीवर तुम्ही जो इलाज काढला आहे, तो रोगापेक्षा जड आहे.

आधी ‘तंतोतंत एकसारखे’ याबद्दल. पानातला मजकूर एचटीएमएलमध्ये असतो आणि तो कसा मांडायचा, हे सीएसएस सांगते. होकोन विउम ली यांनी सीएसएसची कल्पना ऑक्टोबर १९९४मध्ये मांडली, पहिली आवृत्ती डिसेंबर १९९६मध्ये अधिकृत झाली. त्या कल्पनेचा गाभाच असा होता की पान कसे दिसावे हे एकटा लेखक ठरवणार नाही. लेखकाची इच्छा, वाचणाऱ्याची इच्छा आणि ब्राउझरच्या स्वतःच्या सवयी हे तिन्ही एकत्र येऊन निर्णय होणार. एकीची आज्ञा दुसरीवर धबधब्यासारखी उतरत जाते, नावातला पहिला ‘सी’ त्याचाच. एकसारखे दिसण्याचे वचन तिथे कुणी कधी दिलेलेच नाही, मग ते मी मंडळाच्या लेटरहेडवर कसे देणार?

पंगतीत पान वाढताना आपण काय करतो ते आठवा. मीठ वर मधोमध, चटणी-कोशिंबीर डावीकडे, भाजी उजवीकडे, वरणभात मध्ये. पान केळीचे असो, पत्रावळ असो, की कप्प्यांचे स्टीलचे ताट असो, जागा ठरलेल्या आणि वाढण्याचा क्रमही ठरलेला. केळीच्या मोठ्या पानावर दोन पदार्थांत वीतभर अंतर राहते, कप्प्यांच्या ताटात ते चिकटून बसतात. तरी डोळे मिटून जेवणाऱ्याचाही हात मिठाकडे बरोबर जातो. ताट बदलले म्हणून कुणी यजमानाला बोल लावत नाही. चटणी खिरीत पडली तर मात्र लावतो, आणि लावायलाच हवा. मी काकांच्या बाबतीत चटणी खिरीत टाकली. त्यावर उपाय म्हणून तुम्ही सगळ्यांना जेवणाचा फोटो पाठवायला निघाला आहात.

संकेतस्थळाची गोष्ट त्या मानाने सोपी आहे. इंटरनेट एक्सप्लोरर ११चा आधार मायक्रोसॉफ्टने १५ जून २०२२ रोजी बहुतेक विंडोजवर काढून घेतला, त्यानंतर निम्मी डोकेदुखी गेली. आज क्रोम, फायरफॉक्स आणि सफारी बहुतेक बाबतींत एकमताने वागतात. आपल्या साइटवर ज्या तक्रारी आल्या त्या ब्राउझरांच्या भांडणातून कमी आणि आमच्या हातून जास्त घडलेल्या आहेत. त्यातली एक सांगितल्याशिवाय राहवत नाही.

देणगीदारांच्या तक्त्यातली अक्षरे बाकीच्या पानापेक्षा वेगळ्या मापाची का दिसतात, असे सचिवताईंनी दोनदा विचारले होते. मी दोन संध्याकाळी शोधत बसले. शेवटी फाइल अगदी वरपासून वाचली, तर पहिल्याच ओळीत ‘॥ श्री ॥’. पूर्वी हे काम पाहणाऱ्या कुणी सज्जनाने कागदाच्या माथ्यावर लिहितात तसे श्रद्धेने घातलेले. आता नियम असा की एचटीएमएलच्या फाइलीत सगळ्यात आधी डॉकटाइपची, म्हणजे पान कुठल्या प्रकारचे ते सांगणारी, ओळ यायला हवी. तिच्याआधी एखादे अक्षर जरी आले, तरी ब्राउझर समजतो की हे पान जुन्या, बेशिस्त जमान्यातले आहे, आणि तो ‘क्वर्क्स मोड’मध्ये जातो. म्हणजे नव्वदच्या दशकातल्या पानांचे जसे लाड करायचे तसे लाड सुरू होतात. त्यातला एक लाड असा की तक्ता पानाचे अक्षरमाप उचलत नाही, स्वतःचे मूळ माप धरून बसतो. श्री तसाच ठेवला आहे, घाबरू नका. फक्त तो आता डॉकटाइपच्या खाली आहे. पहिली ओळ ब्राउझरची, दुसरी गणपतीची. साइटवरचे सगळे तक्ते त्याच रात्री सरळ झाले.

सभागृह आरक्षणाच्या पानावर ‘बटणच नाही’ अशी ओरड होती. बटण होते, पण फोनच्या खालच्या कडेपलीकडे. पानाची उंची १०० व्हीएच म्हणजे ‘पडद्याइतकी’ ठेवली होती. फोनवरचे ब्राउझर ही उंची पत्त्याची पट्टी आत गेल्यावर जेवढी जागा मिळते तेवढी धरतात. पान उघडते तेव्हा पट्टी बाहेर असते, आणि तेवढ्या उंचीचा खालचा तुकडा झाकला जातो. आपले बटण नेमके त्या तुकड्यात. २०२२पासून डीव्हीएच हे नवे एकक मोठ्या सगळ्या ब्राउझरांत आले आहे, ते पट्टीप्रमाणे बदलते. ते वापरले, काम झाले.

प्रायोजकांच्या तीन चौकटींपैकी तिसरी खाली पडते म्हणून तिसऱ्या प्रायोजकांनी पुढच्या वर्षीची रक्कम अडवून धरली होती, हेही तुम्हाला आठवत असेल. तो साधा बेरजेचा घोळ. सीएसएसमध्ये रुंदी म्हणजे आतल्या मजकुराची रुंदी, समास आणि कड वरून मिळवायची. ३०० पिक्सेलच्या चौकटीला दोन्ही बाजूंनी २०चा समास आणि १ची कड दिली की ती ३४२ भरते. अशा तीन चौकटी ९००च्या ओळीत कशा मावणार? सगळ्या पानाला ‘बॉर्डर-बॉक्स’ लावले की ३०० म्हणजे सगळे धरून ३००. आता तिन्ही एका रांगेत आहेत, रक्कम मागायला हरकत नाही.

फोनवर आडवे सरकणारे पान ही शेवटची. ते सरकत होते समित्यांच्या यादीमुळे. आपल्याकडे एका समितीचे नाव ‘अनंतचतुर्दशीमिरवणूकव्यवस्थासमिती’ असे एका दमात टाइप केलेले आहे. फ्लेक्सबॉक्समधला घटक आपल्या सगळ्यात लांब शब्दापेक्षा अरुंद व्हायला तयार नसतो, ही त्याची जन्मजात सवय. ‘मिन-विड्थ’ म्हणजे किमान रुंदी शून्य करायची आणि गरज पडली तर शब्द मध्येच मोडायची परवानगी द्यायची, हा उपाय. व्याकरणाचा उपाय म्हणजे मध्ये जागा सोडायची. मी दोन्ही केले. अनंत चतुर्दशीला गिरण्यांच्या झांक्या बघायला रात्री निम्मे इंदूर रस्त्यावर असते, त्या गर्दीत फोनवर समितीचा नंबर शोधणाऱ्याला पान डावीकडे-उजवीकडे सरकवायला लावणे पाप आहे.

आता मेल. इथे मामला वेगळा.

ब्राउझर गेल्या काही वर्षांत एका वळणावर आले, मेल वाचणारे प्रोग्राम आले नाहीत. विंडोजवरच्या आउटलुकने २००७च्या आवृत्तीपासून पत्र रंगवण्याचे काम इंटरनेट एक्सप्लोररकडून काढून वर्डकडे दिले. हो, अर्ज-विनंत्या टाइप करतो तेच वर्ड. वर्डला फ्लेक्सबॉक्स कळत नाही, ग्रिड कळत नाही, जास्तीत जास्त रुंदी सांगितली तर ऐकू येत नाही, गोल कोपरे चौकोनी होतात. साध्या डिव्हला, म्हणजे मजकुराच्या साध्या चौकटीला, दिलेला समास ते बिनदिक्कत गिळते, पण तक्त्याच्या खणाला दिलेला समास पाळते. त्याला कळतो तो तक्ता. नवे आउटलुक वेबच्या पद्धतीने चालते, पण ऑफिसांतून जुने अजून नांदते आहे आणि आपले कितीतरी सभासद मंडळाचा मेल ऑफिसातच उघडतात. म्हणून जगभरचे मेल बनवणारे लोक आजही पंचवीस वर्षांपूर्वीसारखे तक्ते विणतात, आणि फक्त आउटलुकला दिसतील अशा ओळी एका खास शेऱ्यात बंद करून ठेवतात. हे काम कुणाला सुंदर वाटत नाही. मलाही नाही.

जीमेलची तऱ्हा निराळी. त्याने सप्टेंबर २०१६पासून पत्राच्या माथ्यावरचे सीएसएस मानायला सुरुवात केली, पण जीमेलच्याच ॲपमध्ये कुणी दुसऱ्या कंपनीचे खाते जोडले असेल तर ते माथ्यावरचे सीएसएस तिथे लागत नाही. त्यामुळे जे अत्यावश्यक आहे ते प्रत्येक खणाच्या अंगावरच लिहावे लागते. आणि पत्र १०२ केबीच्या वर गेले की जीमेल ते तिथेच कापतो, खाली ‘पूर्ण संदेश पाहा’ अशी बारीक दुवा-ओळ ठेवतो. इथे मराठी माणसाचे खास नुकसान आहे, ते नीट सांगते.

इंग्रजी अक्षर एका बाइटात मावते. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत तीन बाइट घेते, आणि चिन्ह म्हणजे वेलांटी, मात्रा, अनुस्वार, हलन्त सगळे सुटे मोजायचे. ‘गणपती’ म्हणजे ग, ण, प, त आणि वेलांटी, एकूण १५ बाइट. इथवर ठीक आहे, १०२ केबीत अशी जवळजवळ ३४,८०० चिन्हे मावतात, आपली स्मरणिकाही एवढी बोलत नाही. पण मी पूर्वी पत्र तयार करायला जे साधन वापरायचे, ते देवनागरीवर विश्वास ठेवत नव्हते. ते प्रत्येक चिन्हाचा आकडा करून ठेवायचे. ‘अ’ लिहिले की आत अँपरसँड, हॅश, २३०९ आणि अर्धविराम, अशी सात अक्षरे. ‘गणपती’चे झाले ३५ बाइट. त्यावर तक्त्यांची वीण आणि प्रत्येक खणाच्या अंगावरचे सीएसएस. गेल्या दिवाळीच्या पत्रात प्रायोजकांची आणि वर्गणीदारांची यादी जोडली, आणि पत्र बरोबर सभागृहाच्या पत्त्याच्या आधी कापले गेले. ज्यांना पत्ता पाठ होता ते आले. ते साधन मी सोडले आहे.

देवनागरीची आणखी दोन-तीन दुखणी आहेत, आणि ती इंग्रजी मार्गदर्शकांत सापडत नाहीत, कारण ती लिहिणाऱ्यांच्या लिपीला शिरोरेषा नाही. अध्यक्षसाहेबांना शीर्षक ‘जरा ऐसपैस’ हवे होते. मी अक्षरांमधले अंतर वाढवले. इंग्रजीत ते झोकदार दिसते. आपल्याकडे शिरोरेषा तुटली आणि ‘गणेशोत्सव’ पाच तुकड्यांत टांगला गेला, दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांसारखा. देवनागरीत अंतर शून्यच ठेवायचे, ऐसपैसपणा अक्षर मोठे करून आणायचा. तसेच ओळींच्या उंचीचे. अक्षराच्या १.२ पट ओळ इंग्रजीला पुरते. आपला रफार वर चढतो, ऋकार-उकार खाली उतरतो, ‘कर्तृत्व’ दोन्हीकडून जागा मागते. वर्डला ओळीची उंची अगदी काटेकोर पाळायला सांगितली तर ते रफाराचे टोक कापून टाकते. मी १.६च्या खाली जात नाही.

आणि भाषेचे नाव. पानाला ‘मराठी’ अशी भाषेची खूण दिली, आणि फॉन्टमध्ये सोय असली, तर ल आणि श मराठी वळणाचे उमटतात. नाहीतर हिंदी वळणाचे. इंदुरात दुकानांच्या पाट्यांपासून नगर निगमच्या नोटिसांपर्यंत हिंदी ‘ल’ इतका अंगवळणी पडला आहे की कुणी तक्रार करणार नाही. मी तरी ती खूण घालते. फुकट आहे आणि मला बरे वाटते.

फॉन्टचे म्हणाल तर आपल्या आवडीचा फॉन्ट मेलमधून सगळ्यांपर्यंत पोहोचत नाही. जीमेल किंवा जुने आउटलुक तो उचलत नाही. वाचणाऱ्याच्या यंत्रात जो असेल तो लागतो. विंडोजवर निर्मला किंवा मंगल, अँड्रॉइडवर बहुधा नोटो, ॲपलवर कोहिनूर. प्रत्येकाची रुंदी निराळी, म्हणून ओळ प्रत्येकाकडे निराळ्या शब्दावर मोडणार. यासाठीच मी कुठल्याही चौकटीला ठरीव उंची देत नाही. मजकूर वाढला की चौकट वाढली पाहिजे. ‘माझ्याकडे चार ओळी दिसतात, वहिनींकडे पाच, असे का?’ या प्रश्नाचे उत्तर हे असे लांबलचक आहे, एकदाच दिले.

रात्रीच्या काळ्या रंगसंगतीचेही तेच. आपले बोधचिन्ह पारदर्शक पार्श्वभूमीवर काळ्या रेघांचे आहे. फोन डार्क मोडमध्ये असला की काळ्यावर काळे, म्हणजे नाहीच. मी रेघांभोवती पांढरी बारीक किनार दिली आहे. दिवसा ती दिसत नाही, रात्री तीच बोधचिन्ह वाचवते.

एवढ्या कटकटी आहेत म्हटल्यावर ‘मग चित्रच बरे’ असे तुम्ही म्हणालात. ऐकायला बरोबर वाटते. आता हिशेब करू. डीटीपीवाल्याकडून येणारी ए-फोर पत्रिका १५० डीपीआयला १२४० पिक्सेल रुंद असते. फोनच्या पडद्याची रुंदी सीएसएसच्या मापात ३६० धरा. चित्र २९ टक्क्यांवर येते. मूळ पत्रिकेत २८ पिक्सेलचे अक्षर फोनवर आठ पिक्सेलचे उरते. आठ पिक्सेलमध्ये ‘६’ आणि ‘९’ ओळखून दाखवा, ‘दु.’ आणि ‘सं.’मधला फरक सांगा. रामबागेतले काका तरी वही घेऊन बसू शकले. आठ पिक्सेलवर कुठली वही?

लोकमान्य नगरातल्या एका आजींनी मोतीबिंदूच्या ऑपरेशनाआधीपासून फोनमधली अक्षरे सगळ्यात मोठी करून घेतली आहेत. मजकूर त्यांचे ऐकतो, चित्र ऐकत नाही. बोटांनी मोठे करून, डावीकडून उजवीकडे सरकवत, मग परत डावीकडे, अशी त्या एकेक ओळ वाचतात, आणि तिसऱ्या ओळीला फोन सुनेकडे देतात. आपले एक सभासद अजिबात पाहू शकत नाहीत. त्यांचा फोन त्यांना पत्र वाचून दाखवतो. चित्र आले की तो म्हणतो, ‘चित्र’. आणि संपते. आउटलुक बाहेरून येणारी चित्रे परवानगीशिवाय उतरवूनच घेत नाही, तेव्हा ऑफिसात उघडणाऱ्यांना गणपतीच्या जागी एक रिकामी चौकट आणि कोपऱ्यात लाल फुली दिसेल. मंगल प्रसंगाला.

तर मी काय केले आहे ते सांगते. पत्रिका नव्याने विणली आहे. बाहेर एकच तक्ता, रुंदी ६०० पिक्सेल. प्रत्येक कार्यक्रमाची एक ओळ, आणि त्या ओळीत तारीख, वेळ, कार्यक्रम, जागा याच क्रमाने. सहाव्या दिवशी दोन कार्यक्रम असतील तर तारीख दोनदा छापलेली. जागा वाया जाते, जाऊ दे. समास खणांना दिला आहे, डिव्हला नाही. चित्राची रुंदी एचटीएमएलमध्येच आकड्याने लिहिली आहे, म्हणजे वर्डही ती मानेल. चित्राच्या खाली उरणारी ती बारीक फट, जी बघून अध्यक्षसाहेब ‘इथे काय राहिलंय?’ विचारायचे, ती चित्राला ‘ब्लॉक’, म्हणजे स्वतंत्र चौकट, केल्यावर गेली. चित्र हे ओळीतल्या अक्षरासारखे बसते आणि खाली उकारासाठी जागा सोडते, एवढेच तिचे कारण होते. ‘नावनोंदणी’चे बटण चित्राचे नाही, रंगीत खणातला दुवा आहे. कोपरे काहींना गोल दिसतील, काहींना चौकोनी. तक्त्याला ‘हा फक्त मांडणीसाठी आहे’ अशी खूण दिली आहे, म्हणजे वाचून दाखवणारा फोन ‘ओळ एक, रकाना दोन’ असे कंटाळवाणे बोलत बसणार नाही.

मग मी एक परीक्षा घेतली. सगळे सीएसएस काढून टाकले. रंग गेले, रेघा गेल्या, बोधचिन्ह गेले. उरले ते वरून खाली वाचले. पहिला दिवस, त्याची वेळ, त्याचा कार्यक्रम. दुसरा दिवस, त्याची वेळ, त्याचा कार्यक्रम. सहाव्याला दोन, आणि सातव्याला आरोग्य शिबिर. काकांना दाखवले. त्यांनी वही मागितली नाही.

माझी मागणी फार नाही. चित्राचा ठराव मागे घ्यावा. डीटीपीची पत्रिका फेकू नका, व्हॉट्सॲपवर आणि दारावर लावायला ती हवीच, पत्रात सोबत जोडू, पण मजकूर अक्षरांत राहील. दुसऱ्या ठरावातले ‘तंतोतंत एकसारखी दिसतील’ हे शब्द काढून ‘सर्वांना पूर्ण आणि बरोबर क्रमाने वाचता येतील’ असे घालावे. पाच सभासद मला द्यावेत, हुशार नकोत, निरनिराळ्या यंत्रांवर मेल वाचणारे हवेत. एक ऑफिसातल्या जुन्या आउटलुकवाले, एक आयफोनवाले, एक साध्या अँड्रॉइडवाले, लोकमान्य नगरच्या आजी, आणि काका तर आहेतच. पैसे घेऊन डझनभर प्रोग्राममधले फोटो काढून देणाऱ्या सेवा आहेत, आणि कुठल्या प्रोग्रामला काय कळते याचे ‘कॅन आय ईमेल’सारखे फुकट तक्तेही आहेत, ते मी बघतेच. पण आजींच्या फोनवर आजींच्या चष्म्यातून काय दिसते ते कुठलीच सेवा सांगत नाही. पत्र जाण्याच्या चार दिवस आधी या पाचांना जाईल, त्यांनी फक्त कळवायचे की सहाव्या दिवशी संध्याकाळी काय आहे. पाचही उत्तरे बरोबर आली की पत्र सगळ्यांना.

नमुना काल रात्री तुम्हा सर्वांना दोन रूपांत पाठवला आहे, एक चित्राचा, एक अक्षरांचा. रविवारच्या बैठकीला येण्याआधी दोन्ही आपापल्या फोनवर उघडा, चष्मा न लावता. ठराव त्यानंतर करा.

आपली,
मंडळाचे संकेतस्थळ सांभाळणारी सभासद

ता. क. : पत्रिकेचा मजकूर यंदाही कृतिदेवमध्ये टाइप होऊन आला आहे. तो फॉन्ट काढला की खाली इंग्रजी अक्षरांचा कडबा उरतो आणि मला सगळे पुन्हा टाइप करावे लागते, त्यात ‘आवर्तने’चे एकदा ‘आवरणे’ झाले होते. डीटीपीवाल्या भाऊंना युनिकोडमध्ये मजकूर द्यायला सचिवताईंनीच सांगावे. माझे ते ऐकत नाहीत.